लाज कृत्याची असावी, जन्माची नसावी

‘पूर्ण नाव सांगा.’ भाड्याची खोली बघायला गेल्यावर, नव्या नोकरीत रुजू होताना, मुलाच्या शाळेत, कधी गाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशाकडून हा प्रश्न येतो. नुसते नाव सांगून भागत नाही. समोरचा आडनावाची वाट बघत असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर ‘गाव कोणते?’ असा दुसरा प्रश्न येतो, आणि तरीही कळले नाही तर ‘म्हणजे तुम्ही कोणत्यातले?’ असा तिसरा. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांच्या छातीत बारीक धडधड होते, कानशिले तापतात, नजर खाली जाते. आपण कोणाचे काही चोरलेले नाही, कोणाला फसवलेले नाही. तरीही चोरी पकडली गेल्यासारखे का वाटते?

या भावनेला आपण लाज म्हणतो, शरम म्हणतो. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटते. पण न बोललेली लाज जागच्या जागी राहत नाही. ती नवऱ्याच्या रागात शिरते, मुलीच्या अबोल्यात शिरते, लग्नाच्या कर्जात शिरते आणि दारूच्या बाटलीतही शिरते. म्हणून आज कुटुंबात बसून या विषयाचा थोडा विचार करू.

दोन प्रकारची लाज

आपल्या धम्मात लाज ही वाईट गोष्ट मानलेली नाही. अंगुत्तर निकायात ‘हिरी’ आणि ‘ओत्तप्प’ हे दोन धम्म जगाचे रक्षण करणारे म्हणून सांगितले आहेत. हिरी म्हणजे वाईट कृत्य करताना आपल्याच मनाला वाटणारी लाज. ओत्तप्प म्हणजे त्या कृत्याच्या परिणामाचे, जाणत्या माणसांच्या निंदेचे भय. ही दोन्ही नसती तर माणसाने नात्याची, विश्वासाची चाड ठेवली नसती. पगाराचे पैसे जुगारात उडवून घरी आलेल्या माणसाला लाज वाटली, तर ती चांगलीच. ती त्याला वाचवील.

पण नीट पाहा, ही लाज कृत्याची आहे. जन्माची नाही, वस्तीची नाही, आईच्या कामाची नाही, रंगाची नाही. मानसशास्त्रानेही जवळपास हीच रेषा ओढली आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अपराधाची बोच आणि शरम यांतला फरक मांडला. अपराधाची बोच म्हणते, ‘माझ्या हातून चूक झाली.’ शरम म्हणते, ‘मीच एक चूक आहे.’ पहिल्या भावनेतून माणूस उठून चूक दुरुस्त करायला जातो. दुसऱ्या भावनेतून तो तोंड लपवतो, कारण स्वतःच्या असण्याची दुरुस्ती कशी करणार?

आपल्या समाजावर शेकडो वर्षे लादली गेली ती ही दुसरी लाज. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके आणि पाऊल पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधायला लावणाऱ्याला लाज वाटली नाही. ती ज्याच्या गळ्यात मडके अडकवले त्याच्या वाट्याला आली. म्हणजे कृत्य एकाचे आणि लाज दुसऱ्याला, असा हा उलटा हिशेब आहे.

ही लाज शिकवली जाते

‘आमच्या मुलांतच न्यूनगंड आहे’ असे आपण सहज बोलून जातो. जणू तो रक्तातूनच आला! तो रक्तातून येत नाही. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. ‘यातली तुझ्यासारखी कोणती?’ या शेवटच्या प्रश्नावर काही मुले रडू लागली. तीन ते सात वर्षांची ही मुले. पण समाजाने धडा पढवून ठेवला होता. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा त्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचाही आधार घेतला गेला.

आपल्या देशातलेही उदाहरण आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यांवर पैसे मिळायचे. जात पुकारली नव्हती, तेव्हा दलित मुले आणि उच्चवर्णीय मुले यांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण ज्या गटांत सर्वांसमोर मुलाचे नाव, गाव, वडील, आजोबा आणि जात वाचून दाखवली, तिथे दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या खाली आली. हे संशोधन २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता वर्गात मोठ्याने ‘बी.सी. चे फॉर्म कोणाकोणाचे राहिलेत, उभे राहा’ असे पुकारले जाते, तेव्हा त्या मुलांच्या डोक्यात काय होत असेल, याचा विचार आई-वडिलांनी करावा. परीक्षेत कमी पडलेले गुण नेहमी अभ्यास कमी झाला म्हणूनच पडतात असे नाही. अर्धे डोके प्रश्नपत्रिकेत आणि अर्धे डोके ‘सगळे माझ्याकडे कसे बघताहेत’ यात गुंतले, तर हुशार मूलही मागे पडते.

मनाच्या ढाली

लाज सहन होत नाही, तेव्हा मन स्वतःला वाचवायला ढाल पुढे करते. फ्रॉइड यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ साली मनाच्या या बचावाच्या युक्त्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या युक्त्या माणूस ठरवून करत नाही. काटा लागल्यावर पाय आपोआप वर उचलला जातो, तसे ते घडते. त्या मोठमोठ्या नावांत आपण शिरायला नको. आपल्याच घरात त्या कशा दिसतात ते पाहू.

पहिली ढाल लपवण्याची. १४ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपवर अभिवादनाचे चित्र लावायचे, पण ऑफिसातल्या माणसांना ते दिसू नये अशी सोय आधी करायची. सोसायटीतले पाहुणे येणार म्हटल्यावर बुद्धमूर्ती शोभेची म्हणून चालते, पण शेजारची बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत जाते. मूळ आडनाव टाकून गावावरून नवे घ्यायचे आणि मुलांना जुने ठाऊकही होऊ द्यायचे नाही. बाबुराव बागुल यांच्या १९६३ सालच्या संग्रहातील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याच दुखण्यावर बोट ठेवते. नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, जात झाकतो, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. झाकण्याचे मोल असे की उघडे पडण्याचे भय चोवीस तास सोबतीला राहते.

दुसरी ढाल राग भलतीकडे काढण्याची. सुपरवायझरने चारचौघांत अपमान केला. तिथे बोललो तर काम जाईल. मग तोच माणूस घरी येतो आणि भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते. बायको तोच राग मुलावर काढते, मुलगा धाकट्या बहिणीवर. सकाळी एकाने केलेला अपमान रात्री घरातल्या सर्वांत लहान जिवाच्या पाठीवर उमटतो. हे समजून घेणे म्हणजे मारणाऱ्याला माफी देणे नव्हे. घरच्या माणसावर हात उगारणे हे कृत्य आहे, आणि त्याची लाज ज्याची त्यालाच वाटली पाहिजे.

तिसरी ढाल आपल्यापेक्षा खालचा शोधण्याची. ‘आम्ही सुधारलो, ती गावाकडची अजून तशीच’, ‘त्या वस्तीतल्यांशी खेळू नको’, असे आपल्याच तोंडून निघते. आपल्याला जी वागणूक मिळाली तीच आपण मातंगाला, भंगी म्हणून हिणवलेल्या माणसाला, आदिवासीला, नाहीतर परप्रांतातून आलेल्या मजुराला देऊ लागतो. बाबासाहेबांनी या रचनेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी मिळते म्हणून डोक्यावरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. मारणाऱ्याचीच नक्कल करून आपण बलवान झालो असे मनाला वाटते. प्रत्यक्षात त्याचीच चाकरी चालू असते.

चौथी ढाल सबबीची. मुलाखतीला जायचे नाही आणि म्हणायचे, ‘तिथे वशिल्याशिवाय घेतच नाहीत.’ वशिला चालतो हे खोटे नाही. पण जायचे न जायचे, हे ठरवताना आत नाकारले जाण्याची भीती बसली होती की काय, हे स्वतःला विचारायला हवे. अर्धे सत्य हे सबबीचे सर्वांत भक्कम कुलूप असते.

पाचवी ढाल भपक्याची. न्यूनगंडाचा विचार ज्यांनी आयुष्यभर केला त्या आल्फ्रेड अ‍ॅडलर यांनी दाखवून दिले की कमीपणाची भावना भरून काढायला माणूस धडपडतो. ती धडपड शिक्षणाकडे, कौशल्याकडे वळली तर माणूस घडतो. ती नुसत्या दिखाव्याकडे वळली तर कर्ज काढून हॉल, डीजे, पाचशे पाने आणि पुढे चार वर्षे हप्ते. ‘आपण कोणापेक्षा कमी नाही’ हे वाक्य खरे आहे. पण ते सावकाराच्या पैशाने सिद्ध करावे लागत नाही.

शेवटची ढाल नाकारण्याची. ‘आता जातपात कुठे राहिली? मला तर कधीच अनुभव आला नाही.’ ज्याला तो खरेच आला नसेल तो भाग्यवान. पण अनेकदा हे वाक्य दुखऱ्या जागेवर घट्ट बांधलेल्या फडक्यासारखे असते. त्याला चिडवू नये, आणि ते ओढून काढण्याची घाईही करू नये.

ढाल वापरली म्हणून कोणी भित्रा ठरत नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेब १९१७ साली परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून त्यांनी दिवस काढले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. शहरात कोणी आसरा देईना. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.

हा प्रसंग आपल्याला कोणी चोरून पाहिला म्हणून कळलेला नाही. बाबासाहेबांनी तो ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतः लिहिला. अठरा वर्षे लोटल्यावरही तो आठवला की डोळ्यांत पाणी येते, हेही त्यांनी लिहिले. एवढा विद्वान, एवढा करारी पुरुष! नाव बदलावे लागले हे त्यांनी लपवले नाही, रडू आले हेही लपवले नाही. जी लाज त्यांच्या पदरात टाकली गेली होती ती त्यांनी लिहून जगासमोर ठेवली, आणि ती खरी कोणाची हे वाचणाऱ्याला आपोआप कळले.

दया पवार यांच्या १९७८ सालच्या ‘बलुतं’ या आत्मकथनातही हेच घडते. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघे एकच; एक दडवलेला, एक शहरात लेखक म्हणून वावरणारा. उर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनाला २००३ साली ‘आयदान’ असे नाव दिले. आयदान म्हणजे आई विणायची त्या बांबूच्या वस्तू. जे काम चारचौघांत सांगायला संकोच वाटावा अशी समाजाने व्यवस्था केली होती, तेच पुस्तकाच्या माथ्यावर आले. ढाल कधी खाली ठेवायची, हे या मंडळींनी आपल्याला दाखवले आहे. लढाईत ढाल लागतेच. पण जेवायच्या ताटावरही हातात ढाल असेल, तर घास तोंडात जाणार कसा?

आतला मुकादम

बाहेरची लाज फार दिवस ऐकली की आत एक मुकादम तयार होतो. बाहेर कोणी काही बोलत नसले तरी तो बोलत राहतो. ‘तुला इंग्रजी येत नाही, गप्प बस.’ ‘तुझ्याने होणार नाही.’ ‘तू कोट्यातून आलास, सगळ्यांना माहीत आहे.’ या मुकादमाला सुट्टीचा वार नसतो.

दुःखाची गोष्ट ही की कधी कधी या मुकादमाच्या हातात छडी आपणच देतो. मुलाला ५८ टक्के पडले, की आपण म्हणतो, ‘बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू?’ हेतू चांगला असतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात, पाण्याच्या रांगेतून येऊन अभ्यास करणाऱ्या मुलाला बाबासाहेबांचे नाव धाकाचे वाटू लागले, तर तो त्यांची तसबीर बघून मान खाली घालील. ज्या महापुरुषाने आपल्याला मान वर करायला शिकवले, त्याच्याच नावाने मान खाली घालायला लावणे योग्य आहे काय?

संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या वेदनेचा. मग शोक करून, छाती बडवून तो स्वतःला दुसरा बाण लावून घेतो, तो मनाचा. नापास होणे हा पहिला बाण. ‘मी नालायकच आहे’ हा दुसरा. पहिला नेहमी टळत नाही. दुसरा टाळता येतो.

मग स्वतःकडे बघूच नये काय? जरूर बघावे, पण कसे, हे तथागतांनी आपल्या पुत्राला, राहुलला सांगितले आहे. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, की याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते काय? झाली असेल तर जाणत्या माणसाजवळ ते उघड करावे आणि पुढे सावध राहावे. झाली नसेल तर आनंदाने राहावे. या सबंध उपदेशात ‘तू वाईट आहेस’ असा निकाल कुठे नाही. तपासायचे ते कृत्य. आत्मपरीक्षण आणि आत्मनिंदा यांत एवढे अंतर आहे.

घरात काय करता येईल

मूल शाळेतून मान खाली घालून आले, तर आधी उपदेश करू नका. ‘आज काय झाले ते सांग, मी ऐकतेय’ एवढेच म्हणा आणि खरोखर ऐका. लाजेला अंधार लागतो. तुच्छ न मानणाऱ्या माणसाजवळ बोलले की तिचे निम्मे बळ जाते.

‘सरकारचे जावई’ असे कोणी चिडवले तर काय उत्तर द्यायचे, हे मुलांना आधीच शिकवून ठेवा. स्कॉलरशिप ही भीक नाही. ती संविधानाने दिलेल्या हक्कातून आलेली आहे, आणि शेकडो वर्षे शाळेचे दार बंद ठेवले गेले म्हणून ती द्यावी लागली. हे सांगताना मुलाचा आवाज चढायला नको आणि पडायलाही नको. घरात दोनदा बोलून घेतले की वर्गात जमते.

आपले काम मुलांपासून झाकू नका. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील पालिकेत सफाईचे काम करतात, तर महिन्याचा पगार, त्यातून भरलेली फी, हे सगळे मुलांसमोर मांडा. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना अस्पृश्यतेची खूण सांगणारे लुगड्याचे नेसण आणि जुने दागिने सोडायला सांगितले. खुणा टाकून द्या, असे ते म्हणाले. कष्टाची लाज बाळगा, असे म्हणाले नाहीत.

कामावर अपमान झाला असेल तर घरात पाऊल टाकण्यापूर्वी थोडे चाला, नळावर तोंड धुवा, आणि जोडीदाराला सरळ सांगा, ‘आज मला वाईट बोलले गेले.’ पुरुषाने हे वाक्य उच्चारणे कठीण जाते. ते एकदा जमले तर ताट भिरकावायची वेळ येत नाही.

आणि सगळे दुखणे मनातच आहे, असेही समजू नका. जातीवरून अपमान, खोली नाकारणे, बढतीत डावलणे हे बाहेरचे अन्याय आहेत. त्यांना उत्तर ध्यानाने नव्हे, तर तक्रारीने, संघटनेने आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने द्यायचे असते. मन सावरायचे ते सहन करत राहण्यासाठी नाही, ताठ उभे राहून लढता यावे म्हणून.

झोप उडाली, जेवण तुटले, दारू वाढत चालली, माणूस कोणाशी बोलेनासा झाला किंवा ‘जगून काय उपयोग’ असे म्हणू लागला, तर अंगारा-धुपाऱ्याकडे वळू नका आणि ‘नाटक करतो’ असेही म्हणू नका. जिल्हा रुग्णालयात, मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. ती २०२२ साली सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तसे हे.

थेरगाथेतील सुनीत हा रस्ते झाडणारा, कोमेजलेली फुले उचलणारा माणूस. तथागत भिक्खूसंघासह येताना दिसले तेव्हा त्याने खांद्यावरची कावड टाकली आणि तो वंदनेसाठी पुढे झाला. तथागतांनी त्याची जात विचारली नाही. ‘ये’ म्हणून त्याला संघात घेतले. लोक सुनीतला हीन लेखत होते, ही लोकांची गोष्ट होती. त्याने ती आपली मानून तिथेच थांबायचे नाकारले.

म्हणून पुढच्या वेळी लाज वाटली, की मुलांना आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारायची सवय लावू या: मी कोणाचे वाईट केले काय? केले असेल, तर जाऊन दुरुस्त करू. ती लाज आपल्या कामाची. केले नसेल, तर ती लाज आपली नव्हे. ज्याची आहे, त्याच्याकडे ती परत जाऊ द्या.